शिक्का कोणी मारायचा

आमच्या तक्रार विभागात तीन शिक्के आहेत. 'प्राप्त', 'वर्ग' आणि 'निकाली'. पहिल्या दोन्हींची अक्षरं अजून ठसठशीत उमटतात, तिसऱ्याचं रबर मात्र झिजून गुळगुळीत झालंय. यावरून नगरपालिका फार काम करते असा कोणाचा समज होईल, म्हणून आधीच सांगतो. आमच्याकडे तक्रार निकाली निघते ती काम झाल्यावर नाही, तर कागद दुसऱ्या विभागाकडे गेल्यावर. रस्त्यावरचा दिवा बंद आहे असा अर्ज आला आणि आम्ही तो विद्युत विभागाकडे पाठवला, की आमच्यापुरता दिवा लागला. मी हे काम सव्वीस वर्षं करतोय आणि त्यातली चोवीस वर्षं मला त्यात काहीही वावगं दिसलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी, वर्षअखेरीला, वरून हुकूम आला की एकही तक्रार प्रलंबित दिसता कामा नये. मी बाह्या सरसावल्या. एका सकाळी जेवणाच्या सुट्टीआधी एकशे चाळीस पत्रांवर सह्या ठोकल्या, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, कळावे.' कोणाची पत्रं होती ते पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तीनशे सतरा क्रमांकाच्या अर्जावर ताईचं नाव दिसलं असतं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, ती सोळाची. वडील फिरतीच्या नोकरीवर असायचे. ताईने शाळा सोडून बुक बायंडिंगच्या कारखान्यात काम धरलं, मला वाढवलं, आणि रात्रीच्या जेवणानंतर माझा हात हातात धरून मला अक्षरं गिरवायला लावली. स्वतःचं लग्न केलं नाही. "तुझं लावून दिलं, तेवढा त्रास पुरे," म्हणायची. पुढे तिने घरीच बायंडिंग सुरू केलं. वाचनालयाची पुस्तकं, शाळांचे हजेरीपट, आणि हो, आमच्या विभागाची तक्रार रजिस्टरंसुद्धा तिच्याच हातची.

ती राहते उतारावरच्या गल्लीत. खालच्या रस्त्यापासून तिच्या दारापर्यंत बेचाळीस दगडी पायऱ्या आहेत, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला उघडं गटार. पायऱ्या गुळगुळीत झाल्यात, कठडा लावून मिळावा, असा तिचा अर्ज होता. भाऊ कचेरीत आहे म्हणून मागच्या दाराने काम करून घ्यावं, हे तिच्या स्वभावात नाही. ती खिडकीपाशी रांगेत उभी राहिली, अर्ज दिला, पोच घेतली आणि घरी गेली. मी तेव्हा चहाला गेलो होतो.

माझं पत्र पोचल्यावर सतराव्या दिवशी ती उतरताना घसरली. डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं. मी धावत दवाखान्यात गेलो, तर प्लॅस्टरमधला हात छातीशी धरून ती बसली होती आणि उशाला ते पत्र होतं.

"सही तुझीच ना?" तिने विचारलं.

आता इथे कोणत्याही शहाण्या माणसाने पाय धरले असते. मी काय केलं? मी नियम समजावून सांगितला. "ताई, निकाली म्हणजे काम झालं असं नाही गं. बांधकाम विभागाकडे वर्ग केली, म्हणजे आमच्या बाजूने निकाली."

तिने ते पत्र माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "असं होय. मग आता मलाही निकाली काढ."

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही. हाड जुळलं, पण पकड परत आली नाही. बायंडिंगला दोन हात लागतात, एकाने कागदाच्या घड्या घट्ट धरायच्या आणि दुसऱ्याने शिवायचं. काम निम्म्यावर आलं, मग निम्म्याचं निम्मं. माझ्या बायकोला ती घरात घ्यायची, चहा द्यायची, पण माझा विषय निघाला की उठून खिडकी पुसायला लागायची. मी फोन केला की कट. दारात गेलो की दार बंद. राग तर आमच्या घराण्यात सगळ्यांच्याच नाकावर असतो, पण तिचा राग असा शांत असेल हे मला ठाऊक नव्हतं. मला तिची फार आठवण यायची. जेवणाची नव्हे, बोलण्याची नव्हे, एका हाकेची. पंचावन्नाव्या वर्षी मला 'धाकट्या' म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि ते अर्ध्या तासाच्या अंतरावर राहत होतं.

मग आमच्याकडे नव्या मुख्याधिकारी बाई आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी आकडे काढले. दोन वर्षांत तक्रारी निम्म्याने घटल्या होत्या.

"लोक समाधानी आहेत, मॅडम," बांधकामचे ओव्हरसियर म्हणाले. या माणसाला कुठलाही प्रश्न विचारा, तो आधी 'मॅडम, अडचण अशी आहे' म्हणतो. त्या दिवशी तेवढं विसरला.

"समाधानी आहेत, की कंटाळलेत?" बाई म्हणाल्या. "इथे बसून उंटावरून शेळ्या हाकणं पुरे झालं. दर गुरुवारी संध्याकाळी पाच ते सात, वस्तीत टेबल लावायचं. रजिस्टर घेऊन बसायचं. त्या गल्लीतल्या सगळ्या तक्रारी संपल्या की टेबल पुढच्या गल्लीत."

नव्याचे नऊ दिवस, असं आम्ही एकमेकांना डोळ्यांनीच सांगितलं. मग वाटणी झाली आणि माझ्या वाट्याला पायऱ्यांची गल्ली आली. मी बाईंकडे गेलो, म्हटलं, वैयक्तिक कारण आहे, दुसरी गल्ली द्या. त्या म्हणाल्या, लेखी द्या. जागेवर येऊन कागद पुढे ओढला, 'महोदया' लिहिलं आणि पेन थांबलं. खरं सांगायचं तर मला तिथेच जायचं होतं. दोन वर्षं मला तिथे जायला कारण हवं होतं, आणि आता ते सरकारी कामातून चालून आलं होतं. मी कागद चुरगाळून टाकला.

टेबल लागलं ते पायऱ्यांच्या तळाशी, शिंप्याच्या दुकानाशेजारी. घडीचं टेबल, माझी खुर्ची, समोर नागरिकांसाठी दोन खुर्च्या. वर मान केली की बेचाळीस पायऱ्यांच्या टोकाला ताईची खिडकी दिसायची. पहिल्या गुरुवारी कोणी आलं नाही. दुसऱ्या गुरुवारी एक मांजर आलं आणि नागरिकांच्या खुर्चीवर झोपून गेलं.

"साहेब," शिंपी मशीन चालवता चालवता म्हणाला, "या वेळी काय पाडायचंय?"

"काही पाडायचं नाही हो. तुमचं ऐकायला आलोय."

"मागच्या वेळीही असंच टेबल आलं होतं. 'रस्तारुंदीबद्दल आपलं मत सांगा.' आम्ही रांग लावून मतं सांगितली. मतं लिहून होताहेत तोवर माझा ओटा गेला." त्याने दाताने दोरा तोडला. "बसा तुम्ही. सावली चांगली आहे इथे."

मी बसलो. खरं तर माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. खिडकीचा पडदा एकदा हलला, मग हलला नाही. तेवढ्यावर मी आठवडा काढला.

कचेरीत बाईंना सांगितलं, लोक बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही बोला. सुरुवात आपण करायला हवी ना? गेल्या पाच वर्षांच्या तक्रारी वाचून दाखवा. काय झालं, काय झालं नाही."

"जे झालं नाही तेही?"

"तेच आधी."

तिसऱ्या गुरुवारी मी रजिस्टर उघडलं. कापडी कोपऱ्यांचं, जाड पुठ्ठ्याचं, ताईनेच शिवलेलं. गल्लीत ऐकायला शिंपी सोडून कोणी नव्हतं. "वाचा की," तो म्हणाला, "कानाला काय काम आहे?" मी उभा राहून मोठ्याने वाचायला लागलो. अर्ज क्रमांक बावीस, विषय गटाराचं झाकण, शेरा निकाली, काम झालेलं नाही. अर्ज क्रमांक एक्याऐंशी, विषय बंद दिवा, शेरा निकाली, काम झालेलं नाही. माझा आवाज पहिल्यांदा कचेरीतलाच होता, सपाट. चौथ्या-पाचव्या अर्जाला तो मलाच ऐकवेना. भाजीची टोपली घेऊन चाललेली एक बाई थांबली. सायकल हातात धरून एक म्हातारा थांबला.

मग तीनशे सतरा आला. मी वरच्या खिडकीकडे पाहिलं.

"अर्जदार, वरच्या घरातल्या बायंडरबाई. विषय, पायऱ्यांना कठडा. शेरा निकाली. काम झालेलं नाही." इथे थांबता आलं असतं. "शिक्का मी मारला. अर्ज न वाचता मारला. सही माझी आहे. त्यानंतर सतराव्या दिवशी अर्जदार याच पायऱ्यांवरून पडल्या. अर्जदार माझी बहीण आहे."

शिंप्याचं मशीन थांबलं. खिडकीत पडद्यामागे कोणीतरी उभं होतं, मला तिचा खांदा ओळखू येतो. मला वाटलं आता दार उघडेल. दार उघडलं नाही. भाजीवाली बाई मात्र पुढे आली, मांजराला उठवून खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "ते झाकण माझंच. म्हणजे अजून कोणी बघितलंच नाही का त्याच्याकडे?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "मला वाटायचं माझंच अक्षर कळलं नसेल."

त्या संध्याकाळी अकरा जण आले. मी अकरा वेळा 'नाही' म्हणालो आणि एकानेही मला शिवी दिली नाही.

हे मुख्याधिकारी बाईंच्या कानावर गेलं आणि चक्रं फिरली. ओव्हरसियरनी आठ दिवसांत कठडा बसवला. लोखंडी, रंगवलेला, भिंतीत पक्का. त्यासोबत उभं राहून फोटोही काढून घेतला. वरातीमागून घोडं तर घोडं, आलं तरी, असं म्हणत मी पुढच्या गुरुवारी नवा शर्ट घालून गेलो. आता ती येणार, माझी खात्रीच होती.

आणि ती आली. दार उघडलं, ताई पहिल्या पायरीवर उभी राहिली. दोन वर्षांत केस किती पिकले होते तिचे! पण ती कठड्याला हात लावेना. डावा हात पोटाशी, उजवा हात हवेत, अशी ती एकेक पायरी बसल्यासारखी उतरत होती. मी अर्ध्यावर धावत गेलो, हात पुढे केला. तिने तो पाहिलाच नाही. खाली येऊन खुर्चीत बसली आणि पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला.

"साहेब, पोच द्या."

साहेब. "ताई, कठडा..."

"वाचा ना तुम्ही. आधीचा न वाचताच निकाली काढलात."

मी वाचला. ताईचं तेच गोल, सुटसुटीत अक्षर. उतरताना कठडा डाव्या हाताला येतो. अर्जदाराचा डावा हात निकामी आहे. माणूस चढताना घसरला तर पुढे हात टेकतो, उतरताना घसरला तर सरळ पडतो. सबब कठडा गटाराच्या अंगाला हवा होता. लावण्यापूर्वी गल्लीत कोणालाही विचारण्यात आलेलं नाही.

माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं. भिंतीच्या अंगाला बसवणं सोपं, नकाशात नेहमी तसंच दाखवतात, खर्चाची मंजुरी तेवढीच. सगळं खरं होतं. जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं.

"ताई," मी म्हटलं, "कुठे लावायचा, तू सांग."

तिने मान वर केली. डोळे भरले होते की मलाच तसे दिसले, कोण जाणे. "हे आधी विचारायचं असतं," ती म्हणाली, पोच घेतली आणि हळूहळू वर चढून गेली. चढताना कठडा धरला, एवढं मी पाहिलं.

पुढच्या गुरुवारी मी ओव्हरसियरना घेऊन गेलो. बाई स्वतः आल्या. "मॅडम, अडचण अशी आहे," ओव्हरसियर म्हणाले, "की गटाराच्या बाजूला भिंतच नाही. खांब रोवावे लागतील. उंची किती ठेवायची, अंतर किती..."

"अहो, माप घ्या ना," शिंपी दुकानातून उठून आला. "मी माप न घेता कापडाला कात्री लावत नाही, तुम्ही गल्लीला लोखंड लावता!" त्याने गळ्यातली टेप काढली आणि जमलेल्या लोकांना पायऱ्यांवर ओळीने उभं केलं. म्हातारा, भाजीवाली, ताई, शाळेतून येणाऱ्या मुली. कोणाचा हात कुठे टेकतो ते पाहून पायरीपायरीवर पांढऱ्या खडूने खुणा करत सुटला. ओव्हरसियर कुरकुरत मागून आकडे उतरवत होते. तिसाव्या पायरीपासून मात्र ते कुरकुरायचे थांबले आणि स्वतःच कमरेशी हात धरून उंची बघायला लागले.

"सगळं खरं," शिंपी शेवटी बाईंना म्हणाला, "पण काम झालं की नाही हे ठरवणार कोण? परत हेच साहेब शिक्का मारणार आणि परत ये रे माझ्या मागल्या!"

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या पिशवीतून 'निकाली'चा शिक्का काढला आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, नागरिकांच्या खुर्च्यांसमोर ठेवला. "आजपासून ज्याची तक्रार, त्याचा शिक्का. तुम्ही मारल्याशिवाय आमच्याकडे ती मिटली असं होणार नाही."

ओव्हरसियरचा चेहरा उतरला. माझं म्हणाल तर मला हातातलं ओझं खाली ठेवल्यासारखं वाटलं.

त्यानंतर चार महिने गेले. भाजीवालीने नव्या झाकणावर तीनदा उडी मारून पाहिली आणि मगच शिक्का उचलला. दिवा लागला, तेव्हा म्हातारा शिक्का मारायला सायकलवरून आला आणि उलटा मारून गेला. शिंप्याचा ओटा परत मिळणार नव्हता. तसं मी त्याला तोंडावर सांगितलं. तो दोन गुरुवार बोलला नाही, तिसऱ्या गुरुवारी चहा घेऊन आला. "निदान झुलवलं तरी नाहीत," म्हणाला, आणि अर्जावर शिक्का मारला. एकेक करून सगळ्या तक्रारी मिटल्या. राहिली एकच, तीनशे सतरा; ताईचा नवा अर्जही मी त्यालाच जोडला होता. ताई अधूनमधून खाली यायची, खांब कुठवर आले ते बघायची. माझ्याशी बोलायची ते फक्त खांबांबद्दल. तेवढंही मी पुरवून पुरवून ऐकायचो.

शेवटी गटाराच्या अंगाचा कठडा पूर्ण झाला. त्या गुरुवारी मी दुपारीच गेलो आणि बेचाळीस पायऱ्यांवर दोन्ही हातांनी तो हलवून पाहिला. जागचा हलला नाही. पाच वाजता टेबल मांडलं, रजिस्टर उघडलं, शिक्का आणि शाईची गादी समोर ठेवली. आज ही मिटणार, आणि पुढच्या गुरुवारी टेबल पुलापलीकडच्या गल्लीत जाणार. काम झाल्याचा आनंद व्हायला हवा होता. मला मात्र सकाळपासून जेवण गेलं नव्हतं.

ताई उतरली. उजवा हात कठड्यावर, मान सरळ, अगदी आमच्या लहानपणी कारखान्यातून यायची तशी. खुर्चीत बसली. आधी रजिस्टरच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"शिलाई सैल झालीय याची."

"उचलून ठेवून रोज. सहा वर्षं झाली त्याला."

तिने शिक्का उचलला, उलटा करून झिजलेलं रबर पाहिलं. गादीवर टेकवला. शाई लागली.

"या गल्लीतली ही शेवटची ना?"

"हो."

"ही मिटली की टेबल उठणार?"

"तसाच नियम आहे."

तिने शिक्का खाली ठेवला. "अठ्ठाविसाव्या पायरीवर हलतोय."

"ताई, मी दुपारीच बघितलाय. कुठेच हलत नाही."

"तुला नसेल हलत. मला हलतोय," ती म्हणाली. "तक्रार कोणाची आहे?"

"तुझी."

"मग?"

शिंप्याने मशीनवर मान खाली घातली. हसत होता मेला. ताई उठली, कठडा धरून दोन पायऱ्या चढली आणि वळली.

"पुढच्या गुरुवारी ये. बघू हलायचा थांबतोय का. आणि येताना ते रजिस्टर घेऊन वर ये, शिवून देते. माझ्या एका हाताने नाही होणार ते. घड्या धरायला बस माझ्याजवळ, धाकट्या."

ती वर पोचेपर्यंत मी उभाच होतो. मग बसलो, रजिस्टर पुढे ओढलं, आणि तिनेच शिकवलेल्या अक्षरात तीनशे सतरासमोर शेरा लिहिला. काम झालं आहे. तक्रार प्रलंबित.